बारा बाय चारचा पेटीपलंग

इंजिन तयार होतं. बॉयलर तयार होता. वल्ह्यांची दोन चाकं गच्चीवर सहा महिने पडून होती आणि त्यांवर कबुतरांचा दुसरा संसार सुरू झाला होता. फक्त हे सगळं ज्यात बसवायचं ती होडी तेवढी नव्हती.

नाशिकच्या सातपूरला, कारखान्यासाठी साचे-हत्यारं घडवणाऱ्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस निवृत्त झाला की एकतर देवळाच्या ट्रस्टवर जातो, नाहीतर असलं काहीतरी करतो. चाकांनी पाणी कापत जाणारी, धूर सोडणारी, दोन माणसांपुरती आगबोट करायची हे माझं जुनं खूळ. आधी डोळा होता आजीच्या तांब्याच्या बंबावर. भांडीबाजारातल्या तांबटमामांकडे तो घेऊन गेलो, तर त्यांनी बंबाला टिचकी मारली आणि म्हणाले, "याचं तोंड उघडं असतं म्हणून हा शंभर वर्षं जगलाय. तोंड बंद केलंत तर तुम्ही जगणार नाही." मग रीतसर पोलादी बॉयलर केला, १५ लिटरचा. २५ लिटरपेक्षा कमी मापाचं भांडं कायद्याच्या व्याख्येत बॉयलर ठरत नाही. थोडक्यात, कायद्याच्या लेखी माझ्याकडे बॉयलरच नाही. घरच्यांच्या लेखी बॉम्ब आहे. बंब नाही झाला, निदान यमक तरी जुळलं.

होडीचं काय, जे तरंगेल ते घ्यायचं, असं मला वाटत होतं. वाफेच्या नादी लागलेल्या प्रत्येकालाच बहुधा तसं वाटतं. पण चाकाच्या बोटीला नुसतं तरंगून भागत नाही, नेमक्या उंचीवर तरंगावं लागतं. चाकाची खालची फळी जेमतेम बुडायला हवी. जास्त बुडाली तर चाक पाणी मागे ढकलण्याऐवजी वर उचलत बसतं, कमी बुडाली तर नुसतं शिंपडतं. नाशिककराला हे समजवायला सोपं आहे. गोदेला पूर आला की आपण क्युसेक विचारत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतो. माझ्या चाकाला पाणी कायम मारुतीच्या घोट्याला हवं. गुडघ्याला चढलं की संपलं.

मोठमोठ्यांना हे जमलेलं नाही. 'ह्यू लिंडसे' ही चाकाची आगबोट १८२९ मध्ये आपल्या मुंबईत बांधली आणि १८३० मध्ये ती सुएझला निघाली. वाटेत एडनपर्यंत कोळसा मिळणार नव्हता, म्हणून तो केबिनींतसुद्धा भरला. बोट इतकी खाली बसली की चाकं पाण्यात रुतल्यासारखी झाली. कोळसा जळत गेला तसतशी ती वर येत गेली. प्रवाशांनी कुठे बसायचं हे कुणी विचारलं असेल का, कोण जाणे.

तर शोध सुरू झाला. पहिला सल्ला मिसळीच्या टेबलावर मिळाला: निळे ड्रम. २०० लिटरचे चार ड्रम बांधा, वर फळ्या ठोका. मी तर्रीत पाव बुडवत हिशोब केला आणि तो जमतही होता, पण चौथ्या भिडूने विचारलं, "आगबोट करताय की पूरग्रस्तांचा तराफा?" ड्रम गेले. मग एका वायनरीतलं जुनं ओकचं पिंप सुचलं, उभं कापून दोन अर्धी करायची. २२५ लिटरचं ते पिंप रिकामंच पन्नास किलोच्या आसपास भरतं, आणि गोल बुडाचं अर्धं पिंप पाण्यात माणसाला बसू देत नाही, कुशीवर झोपवतं. शिवाय आठवडाभर त्यात डोकं घालून मोजमाप घेतलं असतं, तर घरी जाऊन काय सांगणार होतो?

काहिलीची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिने मला खरोखर फशी पाडलं. कृष्णा-पंचगंगेकाठी पुरात लोक गुळाच्या काहिलीत बसून पलीकडे जायचे हे ऐकून होतो. निफाडकडे बंद पडलेल्या गुऱ्हाळात सात फुटी काहील मिळाली. रुंद, उथळ, सपाट बुडाची. कितीही वजन टाका, हळूच बसते. मेहुण्याच्या शेततळ्यात ती सोडली, चाकाऐवजी दोन्ही बाजूंनी वल्ही घेतली आणि आम्ही दोघे वल्हवू लागलो. मेहुण्याचा हात माझ्यापेक्षा जड. काहील जागच्या जागी फिरायला लागली. मी जोर लावला, ती उलटी फिरली. गोल वस्तूला पुढचं-मागचं नसतं, हे साठीच्या माणसाला कळायला हरकत नव्हती, पण ते कळलं सहाव्या गिरकीला. काठावरून वहिनी ओरडल्या, "अहो, गूळ करताय का तिथं?"

अंबडच्या एका फायबरवाल्याने मात्र मला दोन मिनिटांत वाटेला लावलं. साचा करावा लागेल, आणि सिंहस्थाची कामं उरकल्याशिवाय एका होडीसाठी साचा करणार नाही. बरोबर होतं त्याचं.

याच काळात शेजारचे काका रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारत: "चाकं कशाला? खाली पंखा लावा की सरळ." काकांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली नाही. १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने पंख्याची 'रॅटलर' आणि चाकाची 'अलेक्टो' या दोन बोटी शेपटीला शेपटी बांधून रस्सीखेच लावली होती, आणि पंखेवालीने चाकवालीला पूर्ण वाफेवर उलटी ओढत नेली. मी त्यांना पानवेलींचं कारण दिलं: गोदेत पंखा फिरवला तर मिनिटात भाजीची जुडी होईल. हे खरंही आहे. पण चाक दिसतं आणि पंखा दिसत नाही, हे खरं कारण. जे फिरताना दिसत नाही ते करण्यात काय मजा?

शेवटी सपाट बुडाची लाकडी होडी ठरली. बारा फूट लांब, चार फूट रुंद, पुढून वर उचललेली. हिशोब सरळ होतो: पुढचा उतार वजा केला तर साधारण शंभर किलोला एक इंच बुडणार. चाकं बाजूंना लावली असती तर मेहुणा जरा डावीकडे कलला की एक चाक पाण्यात खोल आणि दुसरं हवेत गरगर. म्हणून दोन्ही एकाच दांड्यावर, मागे. पण मागे चाकं आणि इंजिन आलं की नाक वर जातं, म्हणून बॉयलर पुढे. मिसिसिपीवरच्या बोटी अशाच असायच्या. दोन्ही टोकांना वजन पडून त्या कमानीसारख्या वाकायच्या, म्हणून वरून लोखंडी सळया ताणून बसवत. बाजेची नवार सैल पडली की ओढतो, तसं.

हे सगळं मी सुताराला समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं: 'पेटीपलंग, बारा बाय चार.'

"पलंग नाही, होडी."

"हो, पण पेटी हीच ना? हायड्रॉलिक टाकू का? झाकण सहज उचललं जातं."

मी मरीन प्लाय आणायला सांगितला. "बेडरूमला ओल आहे का?" खालचे कोपरे गोल कर म्हटलं. हा आग्रह मेहुण्याचा होता: शेततळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदाला टोक लागून भोक पडलं, तर होडी कोरडी आणि द्राक्षबागही कोरडी. सुतार समजूतदारपणे म्हणाला, "बरोबर आहे, नातवंडांना लागतं." पलंग उत्तम झाला. फक्त सनमायका कोणता, हे विचारायला तो दोनदा घरी येऊन गेला.

चाचणीचा दिवस मी फार शिस्तीत आखला होता. होडी स्वतः ८० किलोची, ती पाण्यात असणारच. तिच्यावर चढणारं वजन असं: बॉयलर १००, इंजिन ४५, चाकं आणि दांडा ६५, लाकूडफाटा ३०, मी ६८, मेहुणा ९२: बरोबर ४००. तेवढ्याच वजनाच्या खताच्या आठ गोण्या मेहुण्याच्या शेडमधून आणून होडीत रचल्या. होडी शांत बसली. पट्टी लावली. माझ्या गणितापेक्षा एक सेंटिमीटर कमी बुडाली होती! मी सुताराला मनातल्या मनात नमस्कार केला, बाहेरून पाण्याच्या रेषेवर शेंदरी रेघ मारली, तिला मारुतीची रेघ असं नाव दिलं आणि घरी येऊन त्या रेघेच्या हिशोबाने चाकाचे ब्रॅकेट वेल्ड करून टाकले.

पुढच्या रविवारी चहा पिताना मेहुण्याला सहज हा पराक्रम सांगितला. तो बशी खाली ठेवून म्हणाला, "दाजी, युरियाची गोणी ४५ किलोची असते."

"कधीपासून?"

"झाली की बरीच वर्षं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही आठ गोण्या मागितल्या. किलो कुठं मागितले?"

म्हणजे ४० किलो कमी. चाक एक सेंटिमीटर जास्त बुडणार. टूलरूममध्ये एक सेंटिमीटर म्हणजे चूक नव्हे, गुन्हा. ब्रॅकेट कापायचे तर पुन्हा सगळं उलगडायचं. मेहुण्याला माझं तोंड बघवेना. "असं करा, मी बांधावर थांबतो. माझ्याऐवजी पोराला बसवा."

पोरगं सहावीत. वजन किती, विचारलं. ३५.

मी कागद काढला. ९२ वजा ३५ म्हणजे ५७. आता उलट १७ किलो कमी पडत होते, चाक चार मिलिमीटर वर.

"मग एक क्रेट द्राक्षं टाकू का?" मेहुणा म्हणाला. "वीसेक किलो भरतं."

मी म्हटलं, "आधी काटा आणा."