वरणाच्या वाटीत १२० ग्रॅम

पोट आत आणि दंड बाहेर, एवढीच साधी इच्छा असते माणसाची. त्यासाठी खाणं कमी करायचं आणि स्नायू वाढवायचे, तेही एकदमच. पगार कापून घ्यायचा आणि त्याच वर्षी घरावर मजला चढवायचा, असा हा बेत. लोक हसतात ते उगाच नाही. पण हे होतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० जाडसर तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी खायला घातलं आणि आठवड्याचे सहा दिवस घाम गाळायला लावला. ज्यांना वजनाच्या दर किलोमागे २.४ ग्रॅम प्रोटीन मिळालं, त्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि चरबी सोडून बाकीचं वजन १.२ किलोने वाढलं. १.२ ग्रॅमवाल्यांची चरबी ३.५ किलो गेली, बाकी जैसे थे. अर्थात त्या पोरांचं जेवण मोजूनमापून हातात येत होतं. 'एकच घे, माझ्यासाठी' म्हणणारी मावशी त्या प्रयोगात कुठेच नव्हती.

नवशिक्यांना, मध्ये व्यायाम सोडून परत आलेल्यांना आणि कमरेवर भरपूर शिल्लक असलेल्यांना हे जमतं. ज्याच्या पोटावर आधीच सहा वड्या पडल्यात, त्याने उपासमारीत आहे ते टिकवलं तरी मिळवली.

आता हिशेब. ७५ किलोचा, खुर्चीत बसून पोट भरणारा माणूस दिवसाला साधारण २२०० कॅलरी खर्च करतो. त्यातून ४०० कापा, उरल्या १८००. आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास चरबी उतरते. हा आकडा ऐकून लोकांचा चेहरा पडतो आणि ते थेट १२०० कॅलरींवर जातात. मग दहा दिवसांत जिममधली बारबेल, म्हणजे वजनं लावायचा दांडा, जड होते, चिडचिड वाढते आणि अकराव्या दिवशी रात्री वडापावच्या गाडीवर सगळं वसूल होतं. ४०० पुरे. आणि प्रोटीन किलोमागे किमान १.६ ग्रॅम, म्हणजे १२० ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं, मला नाही.

इथून खरा छळ सुरू होतो, कारण १२० ग्रॅम म्हटलं की घरात उत्तर तयार असतं: "डाळ खातोस ना रोज? मग?" आईशी वाद घालू नये, भागाकार करावा. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत २२ ग्रॅम प्रोटीन आणि ३४० च्या आसपास कॅलरी. १२० ग्रॅमसाठी लागेल जवळजवळ साडेपाचशे ग्रॅम डाळ, म्हणजे १८५० कॅलरी. दिवसाचं रेशन संपून वर ५० ची उधारी, आणि अजून फोडणी पडायचीच आहे. आपल्या वाटीभर वरणात मुळात २५ ग्रॅम डाळ असते. त्यातून मिळतात साडेपाच ग्रॅम. शेंगदाण्याचं तर नाव काढू नका. प्रोटीन २५ टक्के खरं, पण १०० ग्रॅममागे ५६० च्या वर कॅलरी. दाणे हे तेल आहे, फक्त चावता येतं.

तेव्हा ज्यात प्रोटीन जास्त आणि कॅलरी कमी, अशाच गोष्टींना ताटात मानाचं पान द्यावं लागतं. सकाळी दोन अख्खी अंडी आणि चार पांढरे: २६ ग्रॅम, २१५ कॅलरी. दुपारी कच्चं मोजलेलं दीडशे ग्रॅम चिकन ब्रेस्ट: ३४ ग्रॅम. सोबत ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी: ५ ग्रॅम. संध्याकाळी व्हेचा, म्हणजे दुधापासून केलेल्या प्रोटीन पावडरचा, एक स्कूप: २४. रात्री ५० ग्रॅम कच्च्या मुगाची उसळ: १२. साय काढलेल्या दुधाचं वाटीभर दही, आणखी एक भाकरी, मूठभर भात, भाजी, दोन चहा धरले की १८०० च्या आत १२० चा काठ गाठता येतो. मटणाचा तांबडा रस्सा कुठे बसतो, हे विचारू नये.

शाकाहारी माणसाचा तारणहार सोयाबीन वडी. कोरड्या १०० ग्रॅममध्ये ५२ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ५० ग्रॅम वड्यांत २६. लोक ती भिजवतात आणि तशीच रश्शात सोडतात. मग ती तोंडात कच्चट वासाचं पाणी सोडते आणि आयुष्यभराचं वैर होतं. मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, गार पाण्यातून काढा, मुठीत दाबून शेवटच्या थेंबापर्यंत पिळा, हे पुन्हा एकदा करा. मग कांदा-लसूण मसाल्यात टाका. आता ती रस्सा पिते. पनीर चांगलं, पण साध्या पनीरमध्ये प्रोटीनपेक्षा चरबी जास्त निघते. त्यापेक्षा साय काढलेल्या दुधाच्या दह्याचा चक्का बरा. साखर घालायच्या आधी थांबायची ताकद हवी, एवढंच. उसळींचं प्रमाण मात्र हळूहळू वाढवा. एकदम वाढवलं तर घरातली माणसं खिडक्या उघडतात आणि काही बोलत नाहीत.

ओट्यावर डिजिटल काटा आला की संसारात तिसरं माणूस आल्यासारखं होतं, पण त्याला इलाज नाही. सगळं कच्चं मोजायचं. ४० ग्रॅम तांदळाचा भात होतो ११०-१२० ग्रॅम. तो शिजलेला मोजून कच्च्या तांदळाच्या नावावर लिहिला, तर दीडशेच्या जागी चारशे कॅलरी पडतात आणि माणूस विनाकारण उपाशी झोपतो. चिकन उलटं वागतं, शिजून पाऊण होतं. तेलासाठी युक्ती सोपी आहे: बाटलीच काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, फोडणीला तेल ओता, बाटली परत ठेवा. उणे २३ दिसलं तर २३ ग्रॅम तेल गेलं, २०० कॅलरी, आणि हे सगळं 'अगदी थेंबभर घातलंय' या सदरात.

उपवासाबद्दल पूर्वजांनी सांगूनच ठेवलंय, एकादशी आणि दुप्पट खाशी. १०० ग्रॅम साबुदाण्यात ३५० कॅलरी आणि प्रोटीन नावालाही नाही. धर्म राखायचा असेल तर दूध, दही, राजगिरा आणि देवाची क्षमा.

वजनकाट्यावर फार प्रेम करू नये. सकाळी उठून, मोकळं होऊन, पाणी प्यायच्या आधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. काल पंगतीत पापड-लोणचं झालं असेल तर आज किलोभर वाढ दिसेल. ते पाणी आहे. ताकदीसाठी घेतात ती क्रिएटिनची पावडर रोज ३ ते ५ ग्रॅम सुरू केली तरी तेच. दर पंधरा दिवसांनी बेंबीवरून शिंप्याची टेप फिरवा. पोट आत ओढून मोजू नये, टेपला लाज वाटते. कंबर उतरतेय आणि बारबेलवरचं वजन चढतंय, तर काटा हलला नाही तरी काम चाललंय.

झोपेचं एकच सांगतो. शिकागोच्या २०१० मधल्या एका अभ्यासात त्याच माणसांना तेवढंच कमी खाणं देऊन एकदा साडेआठ आणि एकदा साडेपाच तास झोपेसाठी दिले. दोन्ही वेळा वजन सुमारे तीन किलोच उतरलं, पण त्यातली चरबी पहिल्यांदा १.४ किलो आणि दुसऱ्यांदा फक्त ०.६. बाकीची गळती स्नायूंच्या बाजूची. रात्री दोनपर्यंत रील बघून सकाळी सहाला जिम गाठणाऱ्यांनी हे फ्रिजवर चिकटवावं.

जिममध्ये कुणीतरी हमखास सांगतो, "कटिंग चाललंय ना? मग हलकं मार, जास्त रेप्स." कटिंग म्हणजे कमी खाऊन चरबी उतरवणं आणि रेप्स म्हणजे वजन किती वेळा उचललं ते. त्याला नमस्कार करून पुढे जा. स्नायू टिकतो तो जड काम मिळत राहिलं तर. काम हलकं केलं की शरीर त्याला बिनकामाचा समजतं. आठवड्यातून तीन दिवस, स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग, शोल्डर प्रेस, रोमानियन डेडलिफ्ट, लॅट पुलडाऊन. प्रत्येकी तीन सेट, म्हणजे फेऱ्या, दर फेरीत ६ ते १० रेप्स, शेवटी एक-दोन रेप्सची ताकद उरेल इतकंच. मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, आरशाकडे न बघता. थकवा वाटला तर सेट कमी करा, वजन नको. तिन्ही सेटमध्ये दहा जमले की वजन वाढवायचं, तेही अडीच किलोनेच, कारण कमी जेवलेल्या खांद्याला पाच किलोची उडी झेपत नाही.

अडीच किलो वाढवायला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट लागते, आणि जिममध्ये वीस किलोच्या प्लेटा ढीगभर असल्या तरी सव्वा किलोच्या जोडीतली एक कायम बेपत्ता असते. दुसरी कुणीतरी दाराला अटकाव म्हणून लावलेली सापडते. स्वतःची जोडी घ्या, बॅगेत ठेवा, आणि स्टीलच्या भांड्यांवर घालतात तसं तिच्यावर नाव आणि तारीख घालून घ्या.