काळजी केंद्रात साबण वाटला म्हणजे झालं काय?

राधानगरीचे दरवाजे उघडले, कोयनेतनं पाणी सोडलं की आपल्याकडं कल्लोळ-येडूर बंधारा बुडाला, जत्राट-भिवशीचा रस्ता बंद, आणि मग शाळेत काळजी केंद्र, म्हणजे पुरात घर सोडलेल्यांची तात्पुरती राहायची सोय, हे आता चिकोडी-निपाणीकडच्या पोरांनाबी पाठ झालंय. २०१९ ला झालं, २०२१ ला झालं. मदत भरपूर येते, आपली माणसं त्यात कधीच मागं नसतात. पण हात धुण्याच्या बाबतीत आपण दरवेळी तेच करतोय, किटमधे एक साबणवडी टाकायची, भिंतीवर जंतूंचं पोस्टर लावायचं आणि एका मॅडमनी येऊन अर्धा तास बोलायचं, झालं!

अहो पण साबणानं हात धुवावेत हे कुणाला माहीत नाही? केंद्रात एका मावशींची पिशवी बघितली होती, साबण कागदासकट साडीच्या घडीत ठेवलेला. विचारलं तर म्हणाल्या, "घरी गेल्यावर लागंल की, आता सगळं नवीन घ्यायचं हाय." घर चिखलात गेलेलं, त्या बाईनं साबण जपून ठेवला यात तिचं काय चुकलं? आपत्तीतल्या मदतीचे जे जागतिक निकष आहेत त्यात माणशी महिन्याला २५० ग्रॅम अंगाचा साबण आणि वर कपड्यांसाठी २०० ग्रॅम वेगळा धरतात. म्हणजे पाच माणसांच्या घराला सव्वा किलो नुसता अंगाचा, आणि आपण देतो एक वडी.

दुसरं म्हणजे जागा. संडास शाळेच्या मागं, नळ पुढच्या गेटजवळ, साबण वर्गात पिशवीत. लहान पोर कडेवर घेऊन पावसातनं कोण एवढा फेरा मारंल सांगा.

आणि भीती घालून माणूस बदलत नाही हो. माझी आत्या निपाणीत विड्या वळायची, पोराला भरवायच्या आधी हात खसाखसा घासायची, वास जाईपर्यंत. तिला जंतूंवर भाषण कुणी दिलं नव्हतं, तंबाखूचा हात लेकराच्या तोंडाला लागायची किळस होती आणि लेकराची माया होती, बास. आंध्रात चित्तूर जिल्ह्यातल्या गावांत हाच धागा पकडून एक मोहीम झाली, रोगराईचं नावच काढलं नाही, किळस आणि आईची माया असल्या भावनांवर भर दिला, तर सहा महिन्यांनी साबणानं हात धुण्याचं प्रमाण ३७ टक्क्यांवर गेलं, सुरुवातीला ते जवळजवळ नव्हतंच. इराकमधे विस्थापितांच्या छावणीत तर पारदर्शक साबणाच्या आत छोटं खेळणं घालून पोरांना दिलं. खेळणं बाहेर काढायचं तर साबण झिजवायलाच पाहिजे! महिन्याभरानं बघितलं तर साधा साबण मिळालेल्या पोरांपेक्षा ही पोरं साधारण चौपट वेळा हात धुवत होती. पोरांचं मन ओळखलं त्यांनी.

आपल्याला एवढंबी नको. संडासच्या दारातच तोटीची बादली, खाली घमेलं, आणि पाण्याच्या बाटलीत निरम्याचं पाणी करून झाकणाला भोक पाडायचं. बाटली कोण चोरून नेत नाही, चिखलात पडत नाही, आणि एका पुड्यात कितीतरी दिवस निघतात. वडीच ठेवायची तर कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून तोटीलाच बांधा. वर एक आरसा टांगा, माणूस आरशापुढं दोन मिनिटं थांबतोच, बाया तर कुंकू नीट करायला थांबतातच. जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी अशीच दुसरी बादली, म्हणजे हात धुवूनच ताट हातात. पोस्टर लावायचंच असलं तर चित्राचं लावा, कारण आपल्या कितीतरी आज्ज्यांना कन्नडबी वाचता येत नाही आणि मराठीबी नाही.

साबणानं हात धुतले तर जुलाबाचं प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतं, आणि पुरात पिण्याच्या पाण्याचा भरवसा नसताना लहान पोरांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

यंदा जी मंडळं, जे ग्रुप किट भरणार आहेत त्यांना हात जोडून विनंती, बिस्किटाचे दोन पुडे कमी टाका पण दर केंद्राला चार तोटीच्या बादल्या द्या. बोरगाव, सदलगा, कारदगा भागात कुणाकडं जुन्या पडून असतील तर कमेंटमधे लिहा, नदी पात्राबाहेर यायच्या आधी शाळेत नेऊन ठेवूया.