जिभेखालचा फोड सुईने फोडल्यावर परत का भरतो?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला असा: ‘जिभेखाली पाण्याचा फोड आला म्हणजे लाळेची नळी तुंबली. सुई गरम करून टोचा, पाणी काढा, हळद-मीठ लावा, लिंबू चोखा. दोन दिवसांत मुळापासून जातो.’

या फोडाला रॅन्युला म्हणतात. लॅटिनमध्ये ‘राना’ म्हणजे बेडूक. फोड दिसतोही बेडकाच्या फुगलेल्या पोटासारखा. निळसर, चकचकीत, मऊ, जिभेखालच्या मधल्या पडद्याच्या एका बाजूला आणि बहुधा न दुखणारा.

‘नळी तुंबली’ हे अर्धंच खरं. बहुतेक वेळा जिभेखालच्या ग्रंथीची बारीक नळी फुटते आणि लाळ आजूबाजूच्या मऊ भागात झिरपत साचते. ही ग्रंथी जेवणाची वाट पाहत नाही, उपाशीपोटीही थोडी थोडी पाझरतच असते. म्हणून टोचल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट द्रव निघतो, फोड बसतो, भोक बुजतं आणि काही दिवसांत तो पुन्हा वर येतो. गळका नळ तसाच ठेवून बादली रिकामी करण्याचा हा प्रकार.

सुई गरम केली तरी तोंड निर्जंतुक होत नाही. शिवाय त्याच जागी जबड्याखालच्या ग्रंथीची नळी, शिरा आणि जिभेला संवेदना देणारी नस आहे. जंतुसंसर्ग तोंडाच्या तळात पसरला तर सूज श्वासावर येऊ शकते.

लिंबाचा सल्ला लाळग्रंथीतल्या खड्याच्या दुखण्यातून उचललेला दिसतो. खडा बहुधा जबड्याखालच्या ग्रंथीत होतो आणि जेवताना तिथे फुगून दुखतं. लिंबाने लाळ सुटून बारीक खडा कधी पुढे सरकतो. रॅन्युलात लाळ वाढवून मिळवायचं काय? मिठाच्या गुळण्यांनी नुकसान नाही, उपयोगही नाही.

लहान मुलाचा छोटा फोड डॉक्टरांच्या नजरेखाली काही महिने थांबून बघतात. काही आपोआप जिरतात. मोठा किंवा परत येणारा असेल तर कान-नाक-घसा किंवा तोंड-जबड्याचे सर्जन गाठावेत. एक बोट तोंडात, दुसरा हात हनुवटीखाली ठेवून ते चाचपतात, कारण काही रॅन्युला तळाच्या स्नायूतून गळ्यात उतरतात. मग सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. फोडाचं छप्पर कापून कडा शिवणं सोपं, पण तो परत येण्याचं प्रमाण बरंच. जिभेखालची ती ग्रंथीच काढली तर सहसा परतत नाही. तोंड कोरडं पडेल ही भीती नको, एकूण लाळेत तिचा वाटा जेमतेम पाच टक्के.

गाठ कडक असेल, किंवा जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, त्यात तंबाखू-मिश्रीची सवय असेल, तर तो रॅन्युला आहे असं घरी ठरवू नका. तिथे बायोप्सी लागू शकते.