‘स्पष्टवक्ता’ यांस उत्तर: निळ्या पोर्टला नुसती केबल चालत नाही

सप्रेम नमस्कार.

मागे निळा व्हीजीए पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर एचडीएमआय पोर्टच्या नव्या टीव्हीला कन्व्हर्टर लावून कसा जोडायचा, या माझ्या लेखावर ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश: दीडशे रुपयांच्या साध्या केबलने होणाऱ्या कामाला मी लोकांना पाचशेचा कन्व्हर्टर घ्यायला लावतो. अक्षरं पुसट दिसतात हे मी सांगितलं नाही. यांच्या मित्राने माझं वाचून जोडणी केली तर टीव्हीवर ‘नो सिग्नल’ आलं. एवढ्या खटाटोपापेक्षा सेकंडहँड लॅपटॉप घेतलेला बरा. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: ‘काका, विषय झेपत नसेल तर लिहू नये, दुकानदारांचं कमिशन घेऊन लिहिणारे पुण्यात पुष्कळ आहेत.’

उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं, घरूनही तोच सल्ला होता. पण ते कमिशन काही घशाखाली उतरेना. अहो, तपकीर गल्लीतल्या ज्या दुकानातून मी ती कन्व्हर्टरची डबी आणली, त्या माणसाने दहा रुपये सुट्टे परत द्यायलाही खळखळ केली. तो मला कमिशन देणार? लेखात ना दुकानाचं नाव आहे ना कंपनीचं. मुद्दा असेल तर मुद्दा मांडा, आरोप करायचा असेल तर पुरावा द्या. आधी काका म्हणायचं आणि लगेच अक्कल काढायची, हे कुठल्या घरातलं वळण? त्यात स्वतःचं नाव लिहायचं धाडस नाही, आणि टोपणनाव काय, तर स्पष्टवक्ता.

तुमची एक गोष्ट मात्र मान्य. कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचा फोटो अंधारात काढलेला होता, त्यात निळा पोर्ट कुठला आणि पांढरा कुठला ते कळत नव्हतं. फोटो बदलला आहे. योग्य सूचना मी नेहमीच घेतो, जुन्या वाचकांना ते ठाऊक आहे.

आता तुमचं ते मुख्य वाक्य. ‘व्हीजीए टू एचडीएमआय साधी केबल बाजारात सर्रास मिळते.’ मिळते. मिळते म्हणजे चालते, हे कोणी सांगितलं?

आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ कॉम्प्युटरबरोबर व्हीजीए आणलं, तेव्हा समोर असायची ती पिक्चर ट्यूब. त्यामुळे त्या पंधरा पिनांच्या निळ्या पोर्टमधून जे बाहेर पडतं तो विजेचा सतत कमी-जास्त होणारा दाब असतो. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाची तार वेगळी. काळा म्हणजे जवळपास शून्य व्होल्ट, भरपूर उजेड म्हणजे ०.७ व्होल्ट. ओळ कुठे संपली आणि पडदा कुठे संपला हे सांगायला आणखी दोन तारा. एचडीएमआय आलं २००२ च्या डिसेंबरात, आणि त्यातून जातात ते आकडे, एकेका ठिपक्याच्या रंगाचे. म्हणजे मध्ये कोणीतरी तो दाब मोजून त्याचे आकडे करायला हवेत. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचं चित्र ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा नव्याने, येत असेल, तर ही मोजणी सेकंदाला साडेसहा कोटी वेळा होते, तीही तिन्ही रंगांची. हे काम तांब्याच्या तारेचं नाही, चिपचं आहे. चिपला वीज लागते, म्हणून त्या डबीला यूएसबीची वायर असते. ती वायर उगाच लोंबत ठेवलेली नाही.

तुमच्या दीडशेच्या केबलीत दोन प्रकार निघतात. एकीच्या आत नुसत्या तारा असतात, ती शोभेची. दुसरीत चिप असते, पण उलट्या दिशेची: नव्या लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून जुन्या व्हीजीए मॉनिटरकडे नेणारी. दोन्ही टोकं आपल्याला हवी तशीच असतात, घट्ट बसतातही, फक्त चित्र येत नाही. लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात आणि दोष टीव्हीला देतात. आणि जाड टोकात बरोबर दिशेची चिप असेल, यूएसबीची वायरही असेल, तर तो कन्व्हर्टरच झाला की हो!

हे मी इकडून तिकडून उचलून लिहिलेलं नाही. नव्वदच्या दशकात मी शनिवार पेठेत मॉनिटर दुरुस्त करायचो. गिऱ्हाईक यायचं ते ‘पडदा पिवळा पडलाय, ट्यूब गेली’ म्हणत. ट्यूब बहुतेकदा ठणठणीत असायची. निळ्याची तार कनेक्टरच्या मुळाशी तुटलेली, नाहीतर घाईत खुपसताना तिसरी पिन वाकून आडवी झालेली. निळा गेला की पांढऱ्याचा पिवळा होतो, हिरवा गेला की सगळं जांभळट-गुलाबी. बारीक चिमट्याने पिन हलकेच सरळ करायची, जोर लावला तर मुळातून मोडते. एकेक रंग आपापल्या तारेतून जातो हे मी असं हाताने शिकलोय, आणि पंचवीस हजार व्होल्टच्या ट्यूबचा झटकाही खाल्लाय. तेव्हा विषय झेपतो की नाही, याचं प्रमाणपत्र तुमच्याकडून नको.

मग तुमच्याकडे साध्या केबलने चित्र आलं कसं? तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणणार नाही, तेवढी सभ्यता आम्ही पाळतो. माझा अंदाज असा की तुमच्या कॉम्प्युटरला मागे पांढरा पोर्ट आहे, डीव्हीआय. त्यातून डिजिटल चित्र निघतं, आणि एचडीएमआयमध्ये चित्र पाठवायची पद्धत तीच आहे. तिथे खरोखरच साधी केबल पुरते, आवाजाची वायर तेवढी बहुधा वेगळी ओढावी लागते. पण घरच्या एका पांढऱ्या पोर्टच्या जिवावर गावातल्या सगळ्या निळ्या पोर्टवाल्यांना शहाणपण शिकवायचं म्हणजे कमाल आहे. लेखात डीव्हीआयचा उल्लेख का नाही, असं आता विचाराल. लेखाचं शीर्षक व्हीजीएचं होतं म्हणून.

बाकीचं फार ताणत नाही. अक्षरं पुसट दिसतात? दिसणारच, १०२४ बाय ७६८ चं चित्र १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ओढल्यावर आणखी काय होणार? टीव्हीसमोर बसून कादंबरी लिहा असं मी कोणालाही सांगितलेलं नाही.

मित्राचं ‘नो सिग्नल’: ट्यूबचा मॉनिटर ६० हर्ट्झवर लुकलुकतो म्हणून लोक तो ८५ वर ठेवायचे. कॉम्प्युटरमध्ये ती सेटिंग तशीच राहते, आणि या डब्यांना लागतं ६०. जुना मॉनिटर काढायच्या आधी ६० करून घ्या, हे लेखात आहे. मॉनिटर आधीच मेला असेल तर विंडोज एक्सपी सुरू होताना एफ८ दाबून ‘एनेबल व्हीजीए मोड’ निवडा, हेही आहे. मात्र तो मेनू ७० हर्ट्झच्या टेक्स्ट मोडमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, येतो, काही डब्या तोही दाखवत नाहीत. मग शेजाऱ्याचा मॉनिटर तासाभरासाठी उसना आणणे, दुसरा इलाज नाही. मित्रांना लेख शेवटपर्यंत वाचायला सांगा.

आणि सेकंडहँड लॅपटॉप. नारायण पेठेतले माझे एक स्नेही दिवाळी अंकांची अक्षरजुळणी करायचे. त्यांच्या जुन्या पेंटियम फोर कॉम्प्युटरवर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांतल्या फायलींचा ढीग आहे, आणि त्या उघडणारं सॉफ्टवेअर मागच्या पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या पोर्टला, डोंगल (त्या सॉफ्टवेअरची किल्लीच म्हणा) लावल्याशिवाय उघडत नाही. तुमच्या लॅपटॉपला पॅरलल पोर्ट कुठे आहे तेवढं दाखवा. यूएसबीचे जोड मिळतात म्हणाल. ते प्रिंटरला चालतात, डोंगलला सहसा नाही.

पुढची प्रतिक्रिया टाकाल तेव्हा केबलच्या दोन्ही टोकांचा फोटो जोडा. एक टोक पांढरं निघालं तर वाद मिटला. निळं निघालं आणि तरी टीव्हीवर चित्र येत असेल, तर जाड टोकाचं आवरण काढून आत काय आहे तेही दाखवा. त्याला स्क्रू नसतात, सुरीने उचकटावं लागेल.