आठ दिवस पथ्य पाळलं की गुडघा बदलायला मोकळे?

गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल एक मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर महिन्याभरात तीनदा आला: ‘शुगर आहे म्हणून घाबरू नका. आठ दिवस भात-गोड बंद करा, उपाशीपोटी साखर 110 पर्यंत आणा, बास. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी म्हणजे बिल वाढवायचे धंदे. तोवर गुडघ्यात इंजेक्शन घ्या. आदल्या दिवसापासून गोळ्या-इन्सुलिन सगळं बंद.’

घाबरू नका, एवढं पहिलं वाक्य खरं आहे. बाकीच्यामुळे माणसं गोत्यात येतील.

आईची उपाशीपोटी साखर 112 होती. एचबीए1सी, म्हणजे तीच तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, आलं 9.4. डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली तेव्हा आई चिडली. मावशीने रजा काढली होती, घरात कमोडची खुर्चीही येऊन पडली होती. मग जेवणानंतर दोन तासांनी साखर बघायला लागलो, तर 260, 280. सकाळचा आकडा पहाटेपुरताच असतो. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि रक्तातली साखर त्यांना चिकटत जाते, म्हणून एचबीए1सीमध्ये मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब दिसतो. तो आठ दिवसांत बदलत नाही.

आणि हा हिशोब सांध्यासाठीच लागतो. साखर चढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. नव्या सांध्याच्या धातू-प्लास्टिकला रक्तपुरवठा नसतो. जंतू एकदा त्यावर थर धरून बसले की अँटिबायोटिक तिथे नीट पोचत नाही, कधीकधी बसवलेला सांधा काढावा लागतो. 2017 च्या एका अभ्यासात एचबीए1सी 7.7 च्या वर गेल्यावर सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका ठळक वाढलेला दिसला. बरेच सर्जन 7.5 ते 8 च्या आसपास रेषा ओढतात. रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवू शकतो, हे मात्र खरं. तेव्हा डॉक्टर फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी बघतात, त्यात दोन-तीन आठवड्यांची साखर कळते.

भात बंद आणि ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी तेवढीच, असं केलं तर साखर एकदम खाली जाऊन माणूस घामाघूम होऊन कोसळू शकतो. गुडघ्यात घेतलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने साखर काही दिवस उसळते, आणि ऑपरेशनच्या आधीच्या तीन महिन्यांत ते घेतलं तर जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो.

सगळ्यात घातक आहे ते मेसेजमधलं शेवटचं वाक्य. टाइप 1 च्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा रुग्णाने दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन अजिबात तोडायचं नसतं, तोडलं तर जीवावर बेतू शकतं. उलट आईच्या डब्यात डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीची स्ट्रिप होती. ती गोळी ऑपरेशनच्या तीन दिवस आधीच थांबवावी लागते, नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी साधारणपणे ऑपरेशनच्या दिवशी सकाळी देत नाहीत. म्हणजे ‘आदला दिवस’ हा कुणासाठी फार लवकर, कुणासाठी फार उशिरा.

आईला अकरा आठवडे लागले. रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं, दुपारी भात एक वाटी, गुडघा चालू देईना म्हणून खुर्चीत बसून व्यायाम. एचबीए1सी 7.3 आल्यावर ऑपरेशन झालं. त्याआधी भूलतज्ज्ञांनी एक कागद दिला होता: प्रत्येक औषधाचं नाव, आणि पुढे शेवटचा डोस कधी घ्यायचा ती तारीख, वेळ. तुमच्या घरात ऑपरेशन ठरलं असेल तर असा कागद आधी मागून घ्या, आणि घरातली प्रत्येक स्ट्रिप सोबत न्या.