‘एवढंच तर काम’ म्हणणाऱ्या वाचकांना

भूक निवारणाचं काम करणाऱ्या स्थानिक संस्थेचं नेतृत्व कोणाच्या हाती असावं, या माझ्या लेखावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सार देते. पगारी संचालक नेमणं म्हणजे उपाशी माणसाच्या तोंडचा घास काढणं, असं तुमचं म्हणणं. मंडळावर अन्न घेणाऱ्यांपैकी कोणी का नाही, असं तुम्ही विचारता. संस्थापकाने कधीतरी बाजूला व्हावं, हे तुम्हाला खटकलं; मी त्याला ‘हाकला’ म्हणते, असं तुम्ही लिहिलंत. पहिली फूड बँक, म्हणजे गरजूंसाठी अन्न साठवून पुरवणारी संस्था, सुरू करणारे अमेरिकेतले जॉन व्हॅन हेंगेल स्वयंसेवकच होते, याची आठवणही करून दिलीत. आणि मग हे वाक्य: ‘अन्न गोळा करायचं आणि वाटायचं, एवढंच तर काम, मन असलेला कोणीही करील. तुम्ही उपाशी माणूस कधी पाहिलाय, की नुसते तक्तेच?’

हा शेवटचा प्रश्न विचारायची काहीच गरज नव्हती. मी कोठाराच्या दारात उभी राहिले आहे आणि मंडळाच्या बैठकीतही बसले आहे. लेखात लिहिलं ते त्या दोन्हीकडून आलेलं आहे. मुद्दा पटला नसेल तर मुद्द्याशी भांडा. ज्याची ओळखदेख नाही त्याच्या काळजाचं माप काढणं याला मी टीका म्हणत नाही.

एक गोष्ट मान्य. लेखात खजिनदाराबद्दल एक ओळही नव्हती, हे तुम्ही बरोबर टिपलंत. खजिनदार हवाच, आणि तो संचालकाच्या मर्जीतला नको. खरेदीची मागणी करणारा, बिल मंजूर करणारा आणि चेकवर सही करणारा ही तीन वेगळी माणसं हवीत. संस्था अगदी लहान असेल तर निदान दोन. ट्रकसाठी म्हणून आलेली देणगी भाड्यात किंवा पगारात वळवली जाणार नाही, हे दर महिन्याला पाहणारं कोणीतरी लागतं. ही भर मी घालेन. बाकी लेखात बदलावं असं मला काही दिसलं नाही.

आता ‘एवढंच तर काम’ याकडे येते.

रात्री उशिरा फोन येतो: शंभरेक माणसांचं शिजवलेलं अन्न उरलंय, लगेच घेऊन जा. मन असलेला कोणीही ‘हो’ म्हणेल. संचालकाने आधी विचारायचं असतं की शिजून किती वेळ झाला आणि आत्ता तापमान किती आहे. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवं, थंड ५ अंशांच्या खाली. मधल्या पट्ट्यात जीवाणू झपाट्याने वाढतात. गार करून ठेवायचं असेल तर ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत यायला हवं. खोल पातेलं तसंच्या तसं फ्रीजमध्ये ढकललं तर वरून हाताला गार लागतं, पोटात मात्र तासन्‌तास कोमटच राहतं. म्हणून उथळ ट्रे घ्यायचे, थर पाच सेंटिमीटरच्या आत ठेवायचा, गार होईपर्यंत झाकण घट्ट लावायचं नाही, ट्रेवर ट्रे रचायचा नाही, आणि थर्मामीटरची सळई कडेला न घालता मध्यभागी घालायची. शिजवलेल्या धान्यात बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. अन्न कोमट राहिलं की ते रुजतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलट्या आणणारं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. ‘गरम करून वाढू’ हा तिथे उपायच नाही. असं अन्न नाकारावं लागतं. दाता दुखावतो, स्वयंसेवक हळहळतात, आणि त्या नकाराचा वाईटपणा ज्याला घ्यावा लागतो त्यालाच मी नेतृत्व म्हणते.

कोरडा मालही वाटतो तितका सोपा नसतो. डब्याला पोटावर किरकोळ पोचा असेल तर चालतं. कडेच्या जोडावर असेल तर नाही, कारण तिथली सील सुटलेली असू शकते. फुगलेला डबा उघडून वास घेऊन पाहायचा नाही, थेट बाद करायचा. पाकिटावरच्या दोन तारखांचा अर्थ वेगळा असतो. एक दर्जाची असते (‘बेस्ट बिफोर’), ती उलटल्यावरही माल बऱ्याचदा खाण्याजोगा असतो. दुसरी सुरक्षिततेची (‘यूज बाय’), ती उलटली की संपलं. हा फरक न कळणारा स्वयंसेवक एकतर चांगला माल फेकतो किंवा वाईट वाटून टाकतो. मोठ्या पोत्यातून लहान पिशव्या भरल्या की मूळ लेबल मागे राहतं; मग शेंगदाणे, दूध, गहू यांची ॲलर्जी असलेल्या घरात काय जातंय हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक पिशवीवर घटक, तारीख आणि लॉटचा, म्हणजे एकत्र तयार झालेल्या मालाच्या खेपेचा, क्रमांक पुन्हा लिहावा लागतो. उत्पादकाने एखादा लॉट परत मागवला तर तो कोणाकोणाकडे गेला हे दोन तासांत सांगता यायला हवं. नुसती वही ठेवून हे जमत नाही. मधूनमधून कुठलाही एक लॉट उचलायचा, आला कुठून आणि गेला कुठे हे शोधायचं, आणि धागा जिथे तुटतो तिथली नोंद सुधारायची. तुम्ही ज्यांना तक्ते म्हणून हिणवता ते हेच. अन्न घेणाऱ्या घरातलं मूल त्यांच्यामुळे सुरक्षित राहतं.

वाटपाचंही तसंच. अमेरिकेतल्या फीडिंग अमेरिका या फूड बँकांच्या जाळ्यात २००५ पर्यंत रांग होती: नंबर आला की जे आलंय ते घ्या किंवा नाकारा. परिणामी आयडाहोसारख्या बटाट्याच्या राज्यात बटाटेच जायचे. हेतू सगळ्यांचेच चांगले होते, मनाची कमतरता कुठेच नव्हती. ते बदललं कारण फूड बँकांचे संचालक आणि शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी ‘शेअर्स’ नावाचं एक चलन तयार केलं. ज्या भागात गरज जास्त त्या फूड बँकेला जास्त शेअर्स, आणि त्या शेअर्सची बोली लावून जिला जे हवं ते घेता येतं. मिशिगनमधल्या एका फूड बँकेचे संचालक जॉन आर्नल्ड यांचा बाजाराच्या कल्पनेलाच विरोध होता. त्यांच्या शंकांमुळे लहान संस्था मोठ्यांच्या बोलीखाली चिरडल्या जाऊ नयेत याचा विचार झाला. कोठार आतून ओळखणाऱ्या माणसाशिवाय अशा शंका कोणाला सुचतात?

व्हॅन हेंगेल यांचं नाव तुम्ही घेतलंत ते बरं झालं. १९६७ साली फिनिक्समध्ये सेंट मेरीज फूड बँक सुरू करताना ते स्वयंसेवक होते, खरंच. पण त्यांनी केलं काय ते पाहा: दारोदार वाटत बसण्याऐवजी एका जागी साठवून इतर संस्थांना माल पुरवणारी व्यवस्था उभी केली. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून सरकारी अनुदानाच्या आधारे दुसऱ्या शहरांतही तशाच फूड बँका उभ्या करायला ते लागले, आणि १९७९ मध्ये सेकंड हार्वेस्ट ही स्वतंत्र संस्था झाली. त्यांच्या साधेपणाबद्दल मला आदर आहे. तो साधेपणा पुढच्या प्रत्येक संचालकाकडून हक्काने मागता येत नाही. पगाराचा खरा उपयोग मंडळाला होतो. पगारी माणसाला मंडळ जाब विचारू शकतं, कामाचं मूल्यमापन करू शकतं, वेळ आली तर काढूही शकतं. फुकट काम करणाऱ्याला शीतकपाटाची तापमान नोंद सलग आठवडाभर का भरली नाही हे कोण विचारणार? विचारलं तर तो उद्यापासून येत नाही. तोंडचा घास वगैरे शब्द वापरण्याआधी एवढं ध्यानात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मंडळावर अन्न घेणाऱ्यांना जागा असावी का, हा स्वतंत्र विषय आहे. इथे त्यात शिरत नाही.

संस्थापकाबद्दल मात्र तुम्ही माझ्या तोंडी भलतंच घातलंत. ‘हाकला’ असा शब्द लेखात कुठेही नाही. दात्यांचे फोन नंबर, बँकेतली सही, शीतकपाट दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता आणि कोठाराची दुसरी किल्ली हे सगळं एकाच माणसाकडे असेल, तर तो आजारी पडतो त्या दिवशी ट्रक जागचा हलत नाही. म्हणून दुसरा सहीदार आधीच बँकेत नोंदवावा, दात्यांची यादी संस्थेच्या नावावर असावी, आणि वर्षातून एकदा संस्थापकाने ठरवून पंधरा दिवस बाहेर राहावं. त्या पंधरा दिवसांत जे अडेल ते लिहून काढायचं आणि दुसऱ्याला शिकवायचं. लेखाच्या चौथ्या परिच्छेदात हे सगळं होतं; तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.