‘पाऊण तास नुसती ढाल रंगवली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. मिनिएचर, म्हणजे चिमुकल्या मूर्ती, रंगवायला शिकवणाऱ्या आमच्या सत्राबद्दलचा तुमचा अभिप्राय मी वाचला आणि त्या दिवशी सत्र घेणाऱ्या सहकाऱ्यासोबत बसून पुन्हा वाचला. दोन तासांतला पाऊण तास ढालीवर गेला, चेहरा खडबडीत झाला, ब्रश पहिल्याच दिवशी फाकला आणि मिनिएचर अर्धवट घरी न्यावी लागली, असं तुम्ही लिहिलंय. ढालीबद्दल माझं मत वेगळं आहे. बाकीच्या तक्रारी मान्य.

आधी चेहरा. रंग स्वस्तातले आणि कणीदार होते असं तुम्हाला वाटलं. कणी होतीच, पण ती रंगात नव्हती, खालच्या प्रायमरमध्ये, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी मारतात त्या थरात होती, आणि प्रायमर आदल्या संध्याकाळी आम्हीच मारून ठेवला होता. स्प्रेचा डबा साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवर धरायचा असतो. त्याहून लांब धरला तर थेंब हवेतच अर्धवट वाळतात आणि मिनिएचरवर बारीक वाळू भुरभुरल्यासारखे बसतात. दमट हवेतही असंच होतं. त्या खेपेतल्या उरलेल्या मिनिएचर मी भिंगाखाली पाहिल्या, सगळ्यांचे चेहरे तसेच निघाले. अशा पृष्ठभागावर वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला गडद रंग, दिला की तो खोबणीत उतरायचा सोडून प्रत्येक कणाभोवती साचतो आणि चेहऱ्यावर डाग दिसतात. तुमचा हात कितीही स्थिर असता तरी तो चेहरा नीट झाला नसता. सत्राआधी एकदा बोट फिरवून बघितलं असतं तरी कळलं असतं. आम्ही बघितलं नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

ब्रशचं टोक फाकतं ते रंग धातूच्या कड्यापर्यंत चढून केसांच्या मुळाशी वाळल्यामुळे, किंवा दाबून घासल्यामुळे. ड्रायब्रशिंगला, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासायला, जाड, जुना ब्रश लागतो आणि तो तुमच्या टेबलावर नव्हता. तुम्ही हातातलाच बारीक ब्रश वापरलात, दुसरं करणार तरी काय? नवा ब्रश तुमच्यासाठी काढून ठेवला आहे.

आता ढाल. इथे मी मागे हटणार नाही. 28 मिलिमीटरच्या मिनिएचरचा डोळा एक मिलिमीटरही भरत नाही, तिथे रंग किती पातळ हवा हे शिकता येत नाही. ढाल सपाट असते, रंग दाट झाला की ब्रशच्या रेघा लगेच दिसतात. दुधाइतका पातळ केलेला पहिला थर नेहमीच डागाळ दिसतो, खालचा प्रायमर डोकावत राहतो, आणि नवशिक्याचा हात हमखास आणखी रंगाकडे जातो. तो हात आवरून थर पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच दुसरा द्यायचा, ही सवय लागायला तेवढा वेळ जातोच. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून बघा. ढालीवर एकही रेघ नाही, काठावरचे खिळे मोजता येतात. शेजारच्या झग्याच्या घड्या मात्र बुजल्या आहेत, कारण तो शेवटच्या वीस मिनिटांत घाईघाईने उरकावा लागला.

ती घाई आमच्यामुळे झाली. ‘दोन तासांत पूर्ण मिनिएचर’ असं आम्हीच लिहिलं होतं. नवशिक्याला दोन तासांत हे जमवायला सांगणं चुकीचं आहे. ते वाक्य काल काढलं. यापुढे याच शुल्कात दोन बैठका असतील, आणि तुमची दुसरी बैठक बाकी आहे असंच आम्ही धरतो.

मिनिएचर टाकून देऊ नका. ती प्लॅस्टिकची आहे, त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास ठेवून जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासली की रंग सुटतो. रेझिनची असती तर हे सुचवलं नसतं, काही रेझिन त्यात मऊ पडतात. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळपास आग नको. किंवा सरळ आमच्याकडे आणा, आम्ही साफ करून नव्याने प्रायमर मारून देऊ. ढाल अजून सुटीच आहे, तेवढी बाजूला ठेवा. ती पुन्हा रंगवायची गरज नाही.